धोंडीबाईचं रडणं

थेंब डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात भरत आला, पापणीवर जरासा अडला, आणि मग गालावरच्या गोंदणाला वळसा घालून हनुवटीकडे उतरला... इतका सावकाश, इतका शहाण्यासारखा, की चंदनाला त्याची किळस आली. तिनं रील मागे घेतली. पुन्हा तोच थेंब, मावशीच्या गालावर – धोंडीबाईच्या, आईच्या सख्ख्या बहिणीच्या. आणि मावशी तर चित्रणाच्या दिवशी रडलीच नव्हती. हसली होती.

जव्हारच्या डेपोमागच्या या खोलीत बसून चंदना ठाण्याच्या एका जाहिरात कंपनीसाठी रील कापायची, जोडायची. सध्याची जाहिरात बाळांसाठीच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, सत्त्वाची होती. ‘हूक पाहिजे, चंदना,’ कंपनीचे उमेश सर फोनवर म्हणाले होते, ‘सुरुवातीलाच माणूस थांबला नाही तर त्याचा अंगठा पुढे सरकतो.’ मग त्यांनीच कुठेतरी वाचलं, की जव्हारजवळच्या वावर-वांगणीच्या पाड्यांकडे एका साली पोरं उपासानं गेली होती. ‘अगं, सोनं आहे हे!’ – सोनं! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिनं ऐकलं होतं, पण ती इतकी लाघवी असतात, मधूनमधून ‘जेवलीस का’ विचारतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी काय वेगळी? ‘माझ्या मावशीचा मुलगा जिवा त्याच साली गेला, सर’ – हे कोण बोललं होतं, शाळेत उत्तर येतं म्हणून हात वर करणाऱ्या पोरीसारखं?

चित्रण करताना मावशीनं केसांना तेल लावून घेतलं होतं. ‘दूध आटलं. घरात नागलीचा दाणा नव्हता. मग गेला,’ एवढंच बोलली आणि हसली – घरात साखर नसताना पाहुणा आला की बायका हसतात तसं. सरांना ते हसू चालेना. ‘लोक कनेक्ट होणार नाहीत. एआयला सांग, डोळ्यांत पाणी आण.’ चंदनानं सांगितलं, आणि पाणी आलं. ओठही किंचित थरथरले, ते तर तिनं सांगितलंही नव्हतं. शिसारी यायला तेवढं पुरे होतं. पण खरी शिसारी पुढची होती – मावशी समोर बसून बोलत होती तेव्हा चंदनाचे डोळे कोरडे होते, आणि हे खोटं पाहताना ती रडली. हुंदका देऊन रडली.

‘मावशीची परवानगी घ्यावी लागेल,’ तिनं सरांना कळवलं, आणि उत्तराची वाट न पाहता मावशीच्या गावची, वावरकडची जीप पकडली. खड्ड्यांतून आदळत जाताना ती मावशीचा राग मनात रंगवत होती. मावशी भडकेल, फोन भिरकावील... मग सरांना सांगता येईल, घरचे नाही म्हणतात. स्वतःच्या तोंडानं ‘नाही’ म्हणायची छाती नव्हती. बंदूक ठेवायला मावशीचा खांदा हवा होता. हेही तिला कळत होतं, आणि कळूनही जीपमधून उतरावंसं वाटलं नाही.

मावशी अंगणात बसली होती. तिनं फोन दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला.

“मी कदी रडली गं अशी?”

“नाही रडलीस. मशीननं केलंय ते.” चंदना तिच्याजवळ टेकली. “तू नको म्हण, मावशी. तू नको म्हणालीस की मी पुसून टाकते सगळं.”

मावशीनं फोन तिच्यापुढे धरला. मग म्हणाली, “परत लाव.”

चंदनानं लावली. थेंब भरला, उतरला.

“जिवा गेला तवा गाड्या आल्या, साहेब आले, फोटो काढीत,” मावशी पडद्यावरची नजर न काढता बोलत होती. “त्यांना पाणी कुठून देऊ, बसाया काय टाकू... माझी धाकटी सोनी आटल्या अंगालाच लुचत होती. त्यात रडायचं राह्यलं ते राह्यलंच.” तिनं फोन आणखी जवळ घेतला. “बरं केलंस पोरी. माझ्या जिवासाठी रडून झालं एकदाचं.”

चंदनाला वाटलं, आता मात्र ओकारी येईल. सरांवर थुंकता येत होतं, स्वतःवर तर त्याहून सोपं; पण हे? तो घाणेरडा, दुकानी थेंब मावशीनं ओंजळीत घ्यावा तसा घेतला होता... आणि रील पुढे सरकत होती. थेंब हनुवटीवर पोचला की पडदा पांढरा होणार, नाचरं संगीत वाजणार, गुटगुटीत बाळ आणि सत्त्वाचं पाकीट, एकावर एक मोफत. चंदनाचा अंगठा झटकन पडद्यावर पडला. मावशीचा चेहरा थबकला.

“थांबवलीस का? पुढं काय हाय?”

“काही नाही. एवढंच आहे.”

“मंग परत लाव.”

तिनं परत लावली. आणि परत. दर वेळी पाकिटाच्या अलीकडे अंगठा दाबत राहिली – सरांना रील पाठवायची की नाही ते अजून ठरलं नव्हतं, इथे रेंज नव्हती, वरच्या टेकाडावर गेलं की सर विचारणारच होते. पण ज्या थेंबाची सकाळपासून किळस येत होती त्याला आता ती जपत होती, त्या पाकिटाचा वाराही लागू नये म्हणून, आणि अंगठा दुखायला लागला तरी काढवत नव्हता.