वाचेल त्याने पुसायचे

मित्रांनो, मी एक जुना मुकादम आहे. मला हातपाय नाहीत, आवाज नाही, आणि तुम्ही मला कधी पाहिलेलेही नाही. पुस्तकात माझे नाव टर्मिनल मल्टिप्लेक्सर असे देतात. ते लक्षात ठेवू नका, ते उच्चारताना मोठ्यांचीही जीभ अडखळते. संगणकाचा तो काळा पडदा असतो ना, ज्यावर चित्रे नसतात, नुसती अक्षरे उमटतात, तो पडदा मी वाटून देतो. एका पडद्याच्या चार खिडक्या करतो आणि प्रत्येक खिडकीत एक काम चालू ठेवतो. बघणारा माणूस उठून गेला, त्याची तार तुटली, त्याचा पडदा बंद पडला, तरी आतले काम थांबत नाही. तो परत आला की त्याने सोडले होते तिथेच, शेवटच्या अक्षरासकट, सगळे त्याच्यापुढे ठेवतो. धरून ठेवणे एवढेच मला येते.

आमची जात डिस्कवर पडून असते, पण ते काही जगणे नव्हे. कोणीतरी सुरू करते तेव्हा आमच्यातला एक जण संगणकाच्या मेमरीत जन्म घेतो, आणि संगणक बंद झाला की संपतो. मला सुरू करणाऱ्या बाई शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात कामाला होत्या. नियंत्रण खोली वरच्या मजल्यावर होती आणि खाली पंपघर. मधे जाड काच होती, तरी पंपांची घरघर वर यायची आणि बाईंच्या चहाच्या कपात बारीक लाटा उठायच्या. मी ज्या डब्यात राहतो तो त्यांच्या टेबलाखालीच असल्यामुळे वरचे बोलणे मला चांगले ऐकू येई.

त्यांनी माझ्या चार खिडक्या केल्या. एकीत टाक्यांची पातळी, एकीत पंपांचा दाब, एकीत क्लोरीनचे प्रमाण. चौथी मोकळी ठेवली. मुकादम हे नावही त्यांचेच. "दिवसभर दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवतो आणि स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही," असे त्या सांगत. एकदा रस्ता खोदताना कोणीतरी तार तोडली आणि सगळे पडदे काळे झाले. तार जोडल्यावर बाईंनी मला हाक दिली तेव्हा एकही आकडा हरवलेला नव्हता. वरिष्ठांनी बाईंना शाबासकी दिली. बाईंनी टेबलाखाली बोट दाखवले. मला मिळालेले कौतुक तेवढेच, आणि ते मला पुरले.

चौथी खिडकी कशासाठी होती ते आता सांगतो. बाईंचे यजमान खाली पंपघरात मिस्त्री होते. तिथल्या भिंतीवर एक छोटा पडदा होता आणि त्याच्याखाली तेलाने काळा झालेला कीबोर्ड. तो पडदाही मलाच जोडलेला होता. दोन ठिकाणांहून दोन माणसे मला जोडली, तर दोघांना एकच खिडकी दिसते. वर लिहिलेले खाली उमटते, खाली लिहिलेले वर. पंपघरात फोनवर शब्द कळत नसे, म्हणून ही दोघे त्या खिडकीत बोलू लागली.

खरे तर ती जागा बोलण्याची नव्हे. तिथे संगणकाला आज्ञा लिहायची असते, आणि एंटर दाबले की तो ती पाळायला धावतो. म्हणून बाईंनी नियम केला. लिहायचे, पण एंटर मारायचे नाही. आणि वाचेल त्याने पुसायचे. एका बटणावर ती ओळ पुसली जाई. आपण लिहिलेली ओळ समोरून नाहीशी झाली, की लिहिणाऱ्याला कळे की पलीकडे वाचली गेली. वेगळे उत्तर नको, हात धुऊन पुसून टाइप करत बसणे नको.

मिस्त्रींना हे अंगवळणी पडायला वेळ लागला. सुरुवातीला त्यांनी "जेवलीस का" असे लिहिले आणि सवयीने एंटर मारले. संगणकाने कळवले, 'जेवलीस' नावाची आज्ञा सापडली नाही.

बाईंनी वरून लिहिले, "अहो, आज्ञा सोडणं बंद करा. इथंही कोणी पाळत नाही."

"मग पाळतं तरी कुठं," मिस्त्रींनी लिहिले, आणि पुन्हा एंटर मारले. 'मग' नावाचीही आज्ञा सापडली नाही. वर बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेले.

बाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. "यंत्राला कोणी हात लावणार असेल, तर आधी ह्या खिडकीतून हळूच बाहेर पडायचं," असे त्या म्हणत. "तार ओढून नाही, बटणं दाबून. आपण नीट बाहेर पडलो की आतलं काही हलत नाही. मुकादम धरून ठेवतो." मिस्त्री शाळेत फारसे टिकले नव्हते, पण बाईंनी सांगितलेले ते विसरत नसत. नवी तार ओढायची असो, नवा पडदा लावायचा असो, ते आधी हात पुसून नीट बाहेर पडत. परत येत तेव्हा मी सगळे जिथल्या तिथे देई. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. मला वाटते, त्या विश्वासानेच त्यांचा घात केला.

एके दिवशी दुपारी मिस्त्री एका पंपाची गळती काढत होते. दोन्ही हात ग्रीसमध्ये होते. वरून ओळ उमटली. "अहो, वर येता का जरा. घाई नाही. हातातलं संपवून." त्यापुढे बाईंनी काही लिहिले नाही. मिस्त्रींनी मान वळवून ओळ वाचली आणि हातातले संपवायला घेतले. घाई नाही असे तिनेच लिहिले होते. ते वर पोहोचले तेव्हा बाई खुर्चीत होत्या, पण हाका मारून काही उपयोग नव्हता.

ती ओळ माझ्यात तशीच राहिली. ओळीच्या टोकाला, पुढचे अक्षर जिथे उमटायचे तिथे, चौकोन लुकलुकत राहिला.

पुढे मिस्त्री कामावर येऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत ते पंपघरातल्या पडद्यासमोर एक डबा उलटा ठेवून त्यावर बसत. जेवत नसत. ओळ वाचत आणि पुसण्याच्या बटणावर बोट ठेवत. मला ते बोट जाणवत नाही, बटण दाबल्याशिवाय मला काही कळत नाही. पण कीबोर्डवरचे ते बटण बोट घासून चकचकीत झाले आहे असे खालचे लोक एकमेकांना सांगत, आणि वर आल्यावर ते हळू आवाजात बोलत. पुसले असते तर बाईंना कळले असते की वाचले, निघालो. मिस्त्रींना तेच सांगायचे होते आणि तेच सांगवत नव्हते.

दरम्यान बाईंच्या खुर्चीत नव्या मॅडम आल्या. माणूस वाईट नव्हे. टाक्यांची पातळी, दाब, क्लोरीन त्यांनी एका मोठ्या रंगीत पडद्यावर नेले. माझ्या तीन खिडक्या रिकाम्या झाल्या. त्याचे मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. ज्या आकड्यांवर शहर पाणी प्यायचे ते मी सांभाळले होते, आणि निरोप द्यायलाही कोणी आले नाही.

मॅडमना माझ्या जातीचे कौतुक मात्र होते. आमची नवी आवृत्ती निघाल्याची बातमी आली तेव्हा त्या खूश झाल्या. खालच्या कर्ण्यावरून त्यांनी सांगितले, "सगळ्यांनी बाहेर पडा, मी अपडेट टाकतेय." बाकीचे कोणी आधीच माझ्यात नव्हते. मिस्त्रींनी हात पुसले आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे, तार न ओढता, बटणे दाबून, हळूच बाहेर पडले.

ते बाहेर पडले नसते तर? मित्रांनो, इथे मला गिळवत नाही ते सांगतो. जो आधीपासून जोडलेला असतो तो जोडलेलाच राहतो. त्यांनी आळस केला असता, कर्णा ऐकूनही बसून राहिले असते, तर ती ओळ त्यांच्यासमोर राहिली असती. नीट वागले म्हणून गमावले. बाईंनी त्यांना तारा आणि पडदे बदलण्यापुरते शिकवले होते. माझी आवृत्ती बदलायची असेल तर आधी माझ्यातले सगळे उतरवून घ्यायचे आणि मग मला बंद करायचे, हे काम बाई स्वतः करत. ते शिकवायची वेळच आली नाही.

अपडेट झाल्यावर मिस्त्रींनी परत जोडून घ्यायला नेहमीची आज्ञा दिली. दारावर थाप पडली, मी उघडले. पण आता त्यांचा निरोप घेऊन येणारा प्रोग्राम नवा होता आणि मी जुना. तो बोलला ते मला कळेना, मी बोललो ते त्याला कळेना. पडद्यावर एकच वाक्य आले, आवृत्ती जुळत नाही. मिस्त्रींनी पुन्हा थाप मारली. मग जिना चढून वर आले.

"मॅडम, माझं उघडत नाही."

"अरे हो काका, जुनं चालू राहिलं असेल. ते बंद करू, नवीन सुरू करून देते. बसा ना. बघा तरी किती सोयी आल्यात." मॅडम वाचू लागल्या. आता पडद्यावर तरंगती खिडकी उघडता येते. माऊसने ओढून खिडक्या लहानमोठ्या करता येतात. खालच्या पट्टीच्या दोन पट्ट्या करता येतात, हवे ते रंग देता येतात. शोधलेला शब्द पिवळा होतो. "आणि चित्रंसुद्धा दिसतात आता, काळ्या पडद्यावर. कमाल आहे की नाही?"

"चांगलं आहे," मिस्त्री म्हणाले. "जुन्यात एकदा जायचं होतं."

"ते नाही होणार. नवीन आणि जुनं बोलत नाहीत एकमेकांशी."

"बंद नाही केलं तर?"

"चालत राहील आतल्या आत. दिसणार नाही कोणाला. पण रविवारी सकाळी संगणक रीस्टार्ट करायचाय, तेव्हा जाईलच."

"मग तोवर राहू द्या."

एक वाट होती. डिस्कवरची माझी जुनी प्रत पुसली गेली, तरी मी चालू असेपर्यंत तिचा एक धागा माझ्याजवळ शिल्लक असतो, आणि त्याला धरून आत येता येते. जाणकारांना हे ठाऊक असते. मॅडमना ठाऊक नव्हते. त्यांनी नव्या सोयींचे पान वाचले, पण त्याच पानाच्या तळाशी आधीपासून चालू असलेल्या जुन्याचे काय करावे ह्याची बारीक अक्षरांत सूचना होती, तिथवर त्या गेल्याच नाहीत. मी सांगू शकलो असतो तर सांगितले असते. मला धरून ठेवता येते, बोलता येत नाही.

मिस्त्री रोज जेवणाच्या सुट्टीत थाप मारत राहिले. मी रोज उघडत राहिलो. शनिवारी ते पंपघरातल्या पडद्यापाशी थांबलेच नाहीत. पुन्हा वर आले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"काका, एवढं काय आहे त्यात?"

"एक ओळ आहे. बायकोनं लिहिलेली."

"फोटो काढून ठेवायचात हो."

"रोज समोर होती. समोर असलेल्याचा फोटो कोण काढतं."

"पाठ असेल ना तुम्हाला? मी नव्यात तशीच लिहून देते."

"पाठ आहे. तुम्ही लिहिलीत तर तुमची होईल. मी लिहिली तर माझी." मग मिस्त्री म्हणाले, "ठेवायची नव्हतीच मला ती. पुसायची होती."

मॅडमना कळले नाही, आणि त्यांना कळावे कसे. त्यांना वाटले आता सोपे झाले. "मग झालं की काका. उद्या आपोआप पुसली जाईल."

"आपोआप नको होती."

मिस्त्री जिना उतरून गेले. मॅडमनी थोड्या वेळाने ते पान पुन्हा उघडले. ह्या वेळी त्या तळापर्यंत गेल्या की नाही ते मला माहीत नाही. त्या मला काही विचारायला आल्या नाहीत, आणि आता त्या घरी गेल्या आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि माझ्याहून हुशार यंत्रे तुमच्या हाताखाली येतील. जुने काढून नवे लावायचे काम तुमच्याकडे येईल, आणि ते तुम्ही हौसेने कराल. नव्याला माझे काही म्हणणे नाही. रंग चांगले असतात, चित्रेही चांगली असतात. माझे म्हणणे एवढेच की जुने बंद करण्याआधी त्याला शेवटी कोणी हात लावला होता ते शोधा, आणि त्या माणसाकडे स्वतः चालत जा. कर्ण्यावरून सांगू नका. त्याच्यासमोर उभे राहून विचारा, तुमचे आत काही राहिले आहे का? तो आधी नाही म्हणेल. लोक नाही म्हणतात, त्यांना दुसऱ्याचे काम अडवायचे नसते. तरी थोडे थांबा, आणि पुन्हा विचारा.

उद्या संगणक बंद होताना आम्हा सगळ्यांना आधी एक सूचना मिळेल, की आवरा. बाकीचे प्रोग्राम तेवढ्या वेळात आपापले काही ना काही डिस्कवर साठवून ठेवतील. मला साठवायला कोणी शिकवले नाही. ती ओळ अजून माझ्यात आहे, आणि नियमाप्रमाणे ती कोणी वाचलेली नाही.