ऐकणाऱ्याची खुर्ची

आमचे हे लोकांची इंग्रजी पत्रं जपानीत करून द्यायचे, आणि त्यांची एक खोड होती. इंग्रजी शब्दाला चार अर्थ निघाले आणि त्यातला कुठला जपानीत न्यावा हे अडलं, की डिक्शनरी मिटायची आणि मला हाक मारायची. समोरच्या खुर्चीत मी बसायचं आणि पत्र ज्याच्या नावचं, तो मी व्हायचं. मग हे एकेक जपानी वाक्य मला ऐकवणार आणि माझ्या तोंडाकडे बघणार. म्हणे शब्द ऐकणाऱ्यावर ठरतो. आमच्या जॉर्ज टाउन पेठेतल्या व्यापाऱ्यांपायी मी कोबेचा कापडवाला झाले, बोटीचा कप्तान झाले. हे लढाईत सिंगापूरला जपान्यांकडे कारकून होते, तिथेच ती भाषा शिकले. मला जपानीचं एक अक्षर येत नव्हतं. मी आपली बसायची आणि सांबाराला डाळ किती घालायची ते मनात ठरवायची.

सीतालक्ष्मी आली ती दुपारी. माझ्या माहेरच्या गल्लीतली, तंजावरची. तिचा नवरा शहाजी मलायात जपान्यांच्या हाताखाली रेल्वेच्या कामावर गेला, तो परतलाच नाही. लढाई संपून एक तप उलटलं तरी ही कपाळभर कुंकू लावून वाट बघत होती. आता कुठून तरी तिथल्या जपानी साहेबाचा पत्ता मिळाला होता. वकिलाने झोकदार इंग्रजीत पत्र लिहून दिलं होतं: माझे पती सध्या कुठे 'रेस्ट' करत आहेत, ते कळवावे.

हे तिथेच अडले. जपानीत दमलेला माणूस विसावतो तो शब्द वेगळा, मेलेला मातीत विसावतो तो वेगळा. कुठला लिहू, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं.

"ते मी कसं सांगू, अण्णा?" ती म्हणाली. "तेच तर विचारायचं आहे."

मग मला खुर्चीत बसवलं. पहिला शब्द ऐकवला. मी डाळीतच होते. दुसरा ऐकवला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. तोंडात चिखलाची चव आली. मी कमरेतून वाकले, आणि माझ्या तोंडून जाड, पुरुषी आवाजात जपानी वाक्यं निघाली, सावकाश, जबाब दिल्यासारखी. मला ती ऐकू येत होती, थांबवता येत नव्हती. मी भयंकर घाबरले.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब काय म्हणाले, असं तिने विचारलं, तर हे चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, साहेबांना आठवत नाही, पत्र पाठवून बघू. ह्यांना कधी धड खोटं बोलता आलेलं नाही, पण तिने ते खरं मानलं. तिचा जीव भांड्यात पडला. डोळे टिपून, पाणी पिऊन ती उठली.

सवाष्ण दारातून तशीच कशी जाणार? मी करंडा आणला. कुंकवात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाकडे नेऊ लागले. हात वर जाईना. जोर केला, तरी खालीच. आणि मी पुन्हा कमरेतून वाकत गेले, तिच्यासमोर.

सीतालक्ष्मी माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने करंडा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि खाली ठेवला.

"अक्का, बसा परत खुर्चीत," ती म्हणाली. "कुठे पुरलं, तेवढं विचारायचं आहे."