परक्यांचा पेला

उस्तिनिया खोटं बोलत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. मासळी तोलताना काटा तिच्या बाजूला झुकला तर ती स्वतःच सांगायची, आणि तुमचं पोर दिसायला वाईट असलं तर तेही तोंडावर सांगायची. अशा बाईशेजारी राहणं काय असतं ते आम्हाला विचारा.

डॅन्यूबच्या मुखाशी, लव्हाळ्यांच्या रानात आमची वस्ती. प्रार्थनेत जुन्या रीतीने दोन बोटांनी क्रूसाची खूण करायची, नव्या रीतीने तीन बोटं जोडायची नाहीत, एवढ्यासाठी आमचे पूर्वज रशियातून पळून आले. तेव्हापासून आम्ही परक्याला पोटभर जेवू घालतो, पण आपल्या भांड्यात नाही. त्याचा पेला दाराजवळच्या खिळ्यावर आणि ताटली त्याच्याखाली, वेगळी. यात कुणी अपमान मानत नाही, निदान आम्ही तरी.

उस्तिनियाचा एकुलता एक मुलगा लारियोन शहरात गेला, दाढी काढली, कम्युनिस्ट पक्षात शिरला आणि देव नाही अशी भाषणं गावोगाव द्यायला लागला. एकदा आमच्याच गावात दिलं. उस्तिनिया पहिल्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकत होती. घरी आल्यावर तिने त्याला माशांचं कालवण वाढलं, परक्यांच्या ताटलीत. त्याने ते खाल्लं, उठला आणि गेला तो वीस वर्षं गेलाच.

परत आला तो फुप्फुसं संपवून. दोघांनी उचलून होडीतून आणला. डॉक्टरांनी हात टेकले होते, बायको आधीच सोडून गेली होती. शेजारची फेव्रोनिया म्हणाली, गावाला नावं ठेवत हिंडला, त्याला कशाला घरात घेतेस? उस्तिनियाने तिला सुनावलं, तुझा नवरा पिऊन चिखलात पडतो तेव्हा मीच उचलते ना, मग हाही आजारीच आहे.

आणि केलं तिने, सगळं केलं. अंग पुसलं, थुंकीचं भांडं धुतलं, रात्रंदिवस उशाशी बसली. पाणी मात्र खिळ्यावरच्या पेल्यातून. लारियोन हसायचा. "आई, क्षयाला भितेस की देवाला?"

"क्षयाला नाही," ती म्हणायची.

तो आता वाद घालत नव्हता. मी मानत नाही, आणि मानतो असं म्हणणार नाही, एवढंच सांगायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि आतून अभिमानही वाटायचा. हा हट्ट त्याने कुठून उचलला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रश्न होता मातीचा. आमच्या दफनभूमीत त्याचा बाप होता, शेजारी उस्तिनियाची जागा आणि पलीकडची लेकाची, तिने वर्षानुवर्षं गवत काढून राखलेली. पश्चात्ताप न करता मेला तर त्याला दफनभूमीबाहेर, बंधाऱ्यापलीकडे पुरायचं आणि त्याच्या नावाने प्रार्थना करायची नाही, आईनेसुद्धा नाही. उस्तिनियाचं जेवण सुटलं. लारियोन ते बघत होता.

एके सकाळी तो म्हणाला, आगाफोनआजोबांना बोलाव. आमची उपासना तेच चालवतात. नव्वदीचे आहेत आणि मनाने लोण्यासारखे. दोन साक्षीदार घेऊन ते आले. लारियोन एकेक वाक्य म्हणत गेला, चुकलो, मानतो, परत घ्या. मग दोन बोटांनी क्रूस केला. फेव्रोनियासुद्धा रडली. आजोबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "उस्तिनिया, घरचा पेला आण गं. लेक परत आला तुझा."

तिने फळीवरचा पेला काढला, भरला, खाटेपाशी आणला आणि थांबली. "लारियोन, माझ्याकडे बघ. मानतोस?"

अहो, हो म्हणाला असता तर काय बिघडत होतं? पण आईच्या तोंडावर खोटं बोलायची त्या घरात रीतच नव्हती.

"तू जेवत नव्हतीस," तो म्हणाला.

"आजोबा, हा माझ्यासाठी बोलला," उस्तिनिया म्हणाली. "देवासाठी नाही. हे धरू नका."

आजोबांनी परोपरीने समजावलं. मी ऐकलं ते ऐकलं, मनातलं देव बघून घेईल, तू मध्ये पडू नकोस. ती तसूभर हलली नाही. त्या क्षणी तिची जीभ झडावी असं आम्हा सगळ्यांना वाटलं. साक्षीदार टोप्या उचलून निघून गेले.

त्यानंतर लारियोनने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. रागावला नाही, वाकडा शब्द बोलला नाही, फक्त भिंतीकडे तोंड करून पडला. ती पेला पुढे करायची, तो ओठ मिटायचा. फेव्रोनियाने पाजून पाहिलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ फाटले. तिसऱ्या दिवशी दुपारी उस्तिनियाने दार लावून घेतलं, फळीवरचा आपला पेला भरला आणि त्याच्या ओठांना लावला. उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. "पी रे राजा," ती म्हणाली. "हा घरचा आहे."

त्याने डोळे उघडून पेला ओळखला. "आणि मी? मी घरचा आहे, असं मानतेस?"

तिला हो म्हणायचं होतं. आयुष्यात कशासाठी एवढी तळमळली नव्हती. हो म्हटलं असतं तर तो प्यायला असता, हे तिला दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने ओठ मिटले. दिवस मावळायच्या आत गेला.

बंधाऱ्यापलीकडे त्याला पुरल्यावर ती चिखलाच्या पायांनीच आजोबांकडे गेली आणि घरचा पेला परक्याच्या ओठांना लावला, हे सगळं तिनेच सांगितलं. आजोबा म्हणाले, पण तो प्यायला नाही ना बाई. ती म्हणाली, मी पाजत होते. चाळीस दिवस आमच्यात बसून जेवणार नाही, अशी शिक्षा तिने मागून घेतली.

आता ती रविवारी उपासनेला येते, आमच्या रांगेत उभी राहते आणि मेलेल्यांची नावं घेते, नवऱ्याचं, सासूचं, बुडून मेलेल्या भावाचं. लारियोनचं नाव तिने अजून एकदाही घेतलेलं नाही. आम्ही शेजारीच असतो, कान देऊन.