रघुरामच्या डोळ्यांपुढची काळी काच

मी वेल्डिंगचं हेल्मेट बोलतोय. माझं रूप काही मोहक नाही. काळं कवच, आणि डोळ्यांच्या जागी एक आडवी काळी काच. लहान मुलं मला बघून रडतात म्हणे. पण त्या काचेमागे जो चेहरा येतो, त्याचा घाम, त्याचा श्वास, त्याचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, सगळं माझ्या वाट्याला येतं.

मी आलो ते एन्नोरच्या एका प्रशिक्षण केंद्रात. खिडकीतून औष्णिक वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसतात आणि वाऱ्याबरोबर राख आत येते. भिंतीवरच्या खिळ्यांना आम्हा भावंडांना ओळीनं टांगलं होतं. शिकवणारे सुंदर सर नव्या मुलांना तमिळमधून सांगायचे, "इथं जे शिकाल, तेच गुजरातच्या बंदरात शिकवतात, तेच कोचीच्या गोदीत. परीक्षाही तीच. त्यामुळे तिथला साहेब तुमच्या बापाचं नाव विचारणार नाही. चाचणी पास आहेस का, एवढंच विचारेल. आणि पहिला नियम सगळीकडे एकच. आधी हेल्मेट, मग ठिणगी."

मुलं येत, शिकत, निघून जात. कुणी माझ्या आत मुरुगन देवाचं चित्र चिकटवून गेला, कुणी नुसताच खोबरेल तेलाचा वास ठेवून. महिन्यांनी कुठल्यातरी गोदीतून त्यांचा फोन येई. सर तो स्पीकरवर लावत आणि सगळी कार्यशाळा हात थांबवून ऐके.

मग रघुराम आला. केस पिकायला लागलेला माणूस, पोरांच्या रांगेत अवघडून उभा. शहरात वेलचेरीला धाकट्या भावाबरोबर त्याची वेल्डिंगची शेड होती. तिथल्या कितीतरी इमारतींची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या त्याच्या हातच्या. शहरात मोठा पूर आला तेव्हा वाकलेली फाटकंही त्यानंच सरळ केली होती. आता त्याला वीजकेंद्रात पाइपांचं काम हवं होतं. ठेकेदारानं हातचं काम बघून मान डोलावली आणि मग विचारलं, "चाचणी दिलीय का कुठली?" दिली नव्हती.

त्याचं घराणं तंजावरकडचं. तमिळमध्ये बोलायचा, पण एकटा असला की जुन्या वळणाची मराठी. मी ही भाषा त्याच्याचकडून शिकलो, त्याच्या श्वासातून.

पहिल्या दिवशी त्यानं मला बाजूला ठेवलं. "सर, मला याची सवय नाही. ठिणगी पडली की मी तोंड वळवून घेतो की."

"इथं सगळ्यांना एकच नियम," सर म्हणाले. "तुमचा अनुभव मोठा आहे, पण आधी डोक्यावर घ्या."

"सरी सर, बरं," म्हणत त्यानं मला चढवलं.

आणि काय सांगू, तो शिकायला लागला! रॉड कुठल्या कोनात धरायचा, प्रत्येक थरानंतर जोडावरची खपली का झाडायची, थंडगार लोखंड एकदम तापवलं तर जोड का तडकतो. "अय्यो," तो माझ्या आत पुटपुटला, "एवढी वर्षं जोड तडकला की नशिबाला बोल लावला. का तडकतो, ते कुणी सांगितलंच नाही मला." त्या दिवसापासून तो सर्वांच्या आधी यायचा.

पण मला एक गोष्ट दिसत होती, ती दुसऱ्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. काम सुरू झालं की तो समोर बघायचा नाही. मान किंचित तिरकी करायचा आणि काचेच्या कडेनं बघायचा. मधोमध त्याला काहीतरी डागासारखं आडवं येत होतं. ठिणगीच्या आवाजावर आणि हाताच्या अंदाजावर तो जोडाची रेघ ओढत होता. मला ओरडावंसं वाटलं, सर, इकडे बघा! पण मला तोंड नाही. त्याला प्रखर उजेड लागू न देणं एवढंच माझ्या हातात, आणि आता त्याचा काय उपयोग?

सराव परीक्षेत पाइपाच्या वरच्या अंगाला त्याची रेघ जोड सोडून भलतीकडेच गेली. सरांनी ती पाहिली. मग यंत्रावरचा आकडा वाचायला सांगितला. रघुरामनं मान तिरकी केली. सरांनी यंत्र बंद केलं. त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला धाकटा भाऊ गिरीधर आला. सरांनी त्याला समजावलं. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी ठिणगी बघून डोळ्यांचा पडदा जळलाय. गेलेली नजर चष्म्यानं येणार नाही, शस्त्रक्रियेनंही नाही. आता हे काम बंद.

रघुराम मला मांडीवर घेऊन बसला होता. काचेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "गिरी, माझ्या जागी तू ये इथं."

"मी? अण्णा, शेड कोण बघणार? आणि आपल्याला काय काम येत नाही, म्हणून शिकायचं?"

"तूपण तोंड वळवूनच काम करतोस."

"तुझ्याकडूनच शिकलो ना."

रघुरामनं काचेवरचा अंगठा थांबवला. मग म्हणाला, "हां. माझ्याकडूनच. समोर उभा राहा. मी सरळ तुझ्याकडे बघतोय. तुझे कान दिसतात मला गिरी. तोंड दिसत नाही."

गिरीधर खाली बसला आणि भावाच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडला. मी दोघांच्या मधे दाबला गेलो होतो.

गिरीधर शिकला. मीच त्याच्या डोक्यावर होतो. पास झाला, कोचीच्या गोदीत लागला. निरोपाला रघुरामही आला होता. भावाचा चाचणीतला जोड त्यानं बोटांनी चाचपला, हसला, आणि दारातून जाताना चौकटीला धडकला.

मी अजून खिळ्यावर आहे. माझा पट्टा सैल झालाय, काच मात्र शाबूत आहे. केंद्राच्या समोर, रस्त्यापलीकडे, हल्लीच कुणीतरी एक शेड उघडलीय. तिथं दिवसभर लोखंड जोडतात. ठिणगी पडली की तिचा निळा उजेड आमच्या भिंतीवर थरथरतो. तिथला माणूस काय करतो, मला माहीत आहे. तोंड वळवून घेतो.

तुम्ही तर चालू शकता, बोलू शकता. रस्ता ओलांडून त्याला आत घेऊन या ना. मी इथं रिकामाच टांगलेला आहे.