झऱ्याच्या तोंडाशी

उरलेली हत्यारं न्यायला आलेला सुतार पिशवी भरता भरता थांबला. वर, झऱ्याच्या अंगाला, कुणीतरी दगड फोडत होतं. दोन जोरकस घाव, मग एक हलका. तो हात त्याच्या ओळखीचा होता. तरी दुसरं कुणी असेल, असं म्हणत तो चढला.

दाजीच होते.

जंगलातल्या उद्यानात पाहुण्यांसाठी घरं बांधायचं काम दोघांनी मिळून धरलं होतं. भिंती दाजींच्या, लाकूडकाम त्याचं. घरं ओबडधोबड दिसावीत हा उद्यानाच्या साहेबांचा हट्ट, म्हणून साल न काढलेले ओंडके आणि अनघड दगड. "दिसायला गावंढळ हवं, पण नळाला गरम पाणी हवं," अशी दाजी साहेबांची नक्कल करायचे आणि दोघं पोट धरून हसायचे.

शेवटचं घर झऱ्याच्या तोंडाशी बांधायचं निघालं, तेव्हा हसू आटलं. खालची वाडी त्याच पाण्यावर जगायची. तिथे पाया खणला की पाणी गेलंच. हे घर बांधायचं नाही, असं दोघांनी ताईसमोर बसून ठरवलं. सुतार जाऊन साहेबांना तोंडावर नाही म्हणून आला आणि काम गमावून बसला. दाजी म्हणाले होते, "मीही सांगतो."

आता ते चरात गुडघाभर उतरले होते. पायाशी पाणी गढूळ होऊन साचलं होतं.

"दाजी?"

दाजींनी हातोडा खाली ठेवला. "दोघांनीही नाही म्हटलं असतं, तर खायचं काय?"

"मग मला तसं सांगायचं."

"सांगणारच होतो रे."

तेवढ्यात ताई डबा घेऊन वर आली. नवऱ्याला पाहून नव्हे, भावाला पाहून तिचं पाऊल अडखळलं. त्याला आणखी काही विचारावं लागलं नाही.

ताईच म्हणाली, "दारं-खिडक्या तुझ्यासाठीच राखून ठेवायला सांगितल्यात. म्हटलं, राग उतरला की येशील."

"राग," तो म्हणाला.

"बस, दोन घास खा. आणि वाडीत एवढ्यात काही बोलू नकोस."

त्याने पिशवी खांद्याला लावली.

"चालू द्या तुमचं, मिस्त्री."

दाजींनी मान वर केली नाही. ताईचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला.

वाडीच्या पाणवठ्यावर म्हातारी मामी हंडा भरत होती. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला.

"तुझ्या दाजींनीही नाही म्हटलं म्हणे! ताईच सांगत होती. आपली माणसं ती आपली माणसं."

हंडा भरला तसा उचलून त्याने तिच्या कमरेवर ठेवला. मग पिशवी खाली टेकवून तो म्हणाला,

"मामी, घरात असतील नसतील तेवढी भांडी घेऊन या. आजच भरून घेऊ. शेजाऱ्यांनाही हाक मारा."