भिंतीवरची फुलं कोणाची

सिंदीत ताराचंदांच्या किराणा दुकानामागे त्यांची बैठकीची खोली होती. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला चहाच्या आधी भिंत पाहावी लागे. त्यांच्या बायकोचा, शोभाबाईंचा, तसा नियमच होता. भिंतीवर खालच्या कोपऱ्यातून निघून खिडकीपर्यंत चढलेली गुलाबांची वेल होती, सिरॅमिकची. पावडर फेविकॉलमध्ये मळायची, हाताला कोल्डक्रीम लावून तळव्यावर एकेक पाकळी दाबायची, चिमटीनं तिची कड पातळ करायची आणि एकीवर एक गुंडाळत जायची. लेक दिपाली हे वर्ध्याला क्लास लावून शिकली होती. "हातचं हाये असं वाटते का?" शोभाबाई विचारायच्या, आणि पाहुणा नाही म्हणेपर्यंत कप काही त्याच्या हातात पडत नसे.

पुलगावची मंडळी दिपालीला पाहायला आली, तेव्हाही पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायच्या आत भिंत दाखवून झाली होती. "पूरं आमच्या दिपूनंच केलं. दुसऱ्याचा हात नाई लागला." मुलाची आई विमलाबाई चष्मा पुसून पुसून पाहत राहिल्या. लग्न जमलं ते या भिंतीमुळेच, असं शोभाबाई पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत होत्या. पोरीपेक्षा हिला भिंतीचंच कौतुक जास्त, असं ताराचंद म्हणायचे, पण हळूच. बायकोच्या तोंडाला लागण्याइतके ते खुळे नव्हते.

तीच दिपाली राखीला म्हणून माहेरी आली, ती दिवाळी तोंडावर आली तरी परतायचं नाव घेईना. नवरा प्रफुल दोनदा न्यायला येऊन गेला आणि दोन्ही वेळा तिला ताप भरला. विचारलं तर म्हणायची, "राहू दे ना आणखी दोन दिवस." पोरगी वरणभातसुद्धा चमच्यानं खायला लागली होती आणि कणीक मळायची वेळ आली की कुठेतरी नाहीशी व्हायची. सासरी आयतं मिळत असेल, शोभाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना तिचा राग आला. लग्न झालेली लेक घरी बसली की गावाला काम मिळतं. दुकानात साखर घ्यायला आलेल्या बायकासुद्धा आता साखर सोडून दिपालीचंच विचारत होत्या.

रविवारी विमलाबाई स्वतःच मुलाला घेऊन आल्या. चहा झाला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"एक बोलू का, विहीणबाई? लग्न झाल्यापासून आमच्या घरी तुमच्या पोरीनं एक पाकळी नाई केली. मी पावडर आणून देली, रंग आणून देले. पहिले म्हणे येळ नाई, मंग म्हणे हात दुखते. आमच्या गल्लीत लोकं काय म्हणून राह्यले, मालूम हाये? दुसऱ्याचं काम दाखवून पोरगी गळ्यात मारली म्हंते."

"जाऊ दे ना आई," प्रफुल म्हणाला.

"काऊन जाऊ दे? तसं असन तं त्यायनं सांगून टाकावं. फसवून देलेली सून मी तं नेत नाई."

शोभाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानातल्या डाळीत खडे आहेत म्हटलं असतं, तर एक वेळ त्यांनी ऐकून घेतलं असतं.

"हातच्या काकणाले आरसा कायले पाह्यजे? दिपू, तुहा डबा आण! इथं सगळ्यायच्या समोर बस आन् एक गुलाब करून दाखव."

"आई, राहू दे," दिपाली दारातून म्हणाली.

"माही इज्जत चालली इथं, आन् राहू दे?"

दिपाली बसली. डाव्या तळव्यानं तिनं पावडर कशीबशी मळली, गोळी तळव्यावर घेतली आणि उजव्या अंगठ्यानं दाबली. कड पातळ करायला बोटं काही जवळ येईनात. पाकळी फाटली. दुसरी फाटली. तिसरी तिच्या अंगठ्यालाच चिकटून बसली.

"झालं समाधान?" विमलाबाई म्हणाल्या.

"अशी काऊन धरून राह्यली?" शोभाबाई चिडून वाकल्या आणि त्यांनी लेकीची दोन बोटं धरून मुडपायला पाहिली. बोटं मुडपेनात. दिपालीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. बोटांच्या पेरांवर हाड वेडंवाकडं जुळून गाठी आल्या होत्या.

"हे कधी झालं?"

"दारात सापडले," दिपाली म्हणाली. म्हणताना तिनं आईकडे पाहिलं नाही. शिकवलेलं उत्तर बरोबर आलं की नाही हे पोरं मास्तरकडे पाहतात, तसं तिनं प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल आपल्या चपला शोधत होता.

मग शोभाबाईंना चमचाही कळला, कणीकही कळली आणि तापही कळला. आपल्याच घरात अडीच महिने पोरगी मोडका हात घेऊन फिरत होती आणि आपण तिला आळशी समजत होतो.

ओरडून घर डोक्यावर घ्यावं असं त्यांना वाटलं. पण त्यांच्या भाचीचंही असंच उघड झालं होतं. चार जाणते लोक बसले, जावयानं कान पकडले, संसारात भांड्याला भांडं लागतंच म्हणत सगळ्यांनी चहा घेतला, आणि त्याच संध्याकाळी पोरगी त्याच्याच मागे मोटरसायकलवर बसून गेली. ताराचंद तर असले चार लोक बोलवायला सगळ्यांच्या पुढे धावले असते. गिऱ्हाइकानं कुरकुर केली की दोन पैसे कमी करायचे, मग ते माल घेऊन जातं, हे शोभाबाईंनी दुकानात जन्मभर पाहिलं होतं. माल खोटा आहे असं दुकानदारच म्हणाला, तर मात्र तो कोणी नेत नाही. पोटच्या पोरीबद्दल आपल्याला असं सुचावं याची त्यांना शरम वाटली. पण सुचलं ते हेच.

"खरं हाये तुमचं, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "फुलं दिपूची नाईत."

"शोभा!" ताराचंद उभेच राहिले.

"तुमी गप्प राहा. क्लासवाल्या बाईकडून करून आणली होती. फसवलं आमी तुमाले. नका नेऊ तिले."

विमलाबाईंना जिंकायचं होतं, पण इतक्या सहज जिंकू असं त्यांना वाटलं नव्हतं. क्षणभर त्या गोंधळल्या. मग दारात जाऊन जे बोलल्या ते दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं आणि समोरच्या पिठाच्या गिरणीतही ऐकू गेलं. खोटारडे, ठग, पोरी खपवणारे. उभ्या आयुष्यात कोणाचा अर्धा शब्द ऐकून न घेतलेल्या शोभाबाई मान खाली घालून सगळं ऐकत राहिल्या. प्रफुल केव्हाच रस्त्यावर पोचला होता.

दोघं गेल्यावर ताराचंद दुकानात निघून गेले. शोभाबाईंनी दार लावलं आणि लेकीचा हात मांडीवर घेतला.

"आता नाई जा लागत तुले तिकडं. उद्या वर्ध्याले जाऊन डॉक्टरले दाखवू."

पोरगी गळ्यात पडून रडेल असं त्यांना वाटलं होतं. दिपालीनं हात काढून घेतला.

"ती मीच केली होती, आई."

"मले मालूम नाई का, पोरी? त्यायले सांगाले म्हटलं मी."

"त्या घरात मले काहीच येत नाई म्हणायचे. सैपाक नाई येत, बोलणं नाई येत. मी मनात म्हणो, माह्या घरच्या भिंतीवर जाऊन पाहा." दिपाली अंगठ्याला वाळलेली पावडर नखानं खरवडत होती. "आता हे बोटं नाई वळले तं दुसरी मी कशी करून दाखवू? तूच तं साऱ्यायले सांगत होती, दिपूनं केली म्हणून. आता कोण सांगन?"

बाहेर दुकानात कोणीतरी ताराचंदना विचारत होतं, फुलं दिपालीची नाहीत हे खरं आहे का म्हणून, आणि ताराचंद हो म्हणाले.