इस्त्रीच्या टेबलावरची शाल

घरातली एखादी वस्तू गेली की आपण आधी काय शोधतो? ती घालवणारा माणूस! त्या लाँड्रीवाल्यांच्या घरातही असंच झालं.

पुढे दुकान, मागे घर. सासरे इस्त्री करत, मुलगा कपडे पोचवायला जाई आणि सून काउंटर सांभाळता सांभाळता एक डोळा चार वर्षांच्या चिमणीवर ठेवी. पोरगी कुठे चढते, इस्त्रीची वायर ओढते का, तिच्या जिवाला सतत घोर. आपल्या आईची राखाडी शालसुद्धा तिने चिमणीच्या चिकट हातांना लागू नये म्हणून दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. शाल तिने धुतली नव्हती. आईचा वास निघून जाईल ना!

तिथेच चुकलं. ती फळी बेवारशी कपड्यांची. ज्याला नंबराची चिठ्ठी नाही, ज्याला कुणी न्यायला येत नाही, ते तिथे पडे. इस्त्रीच्या टेबलाची गादी दबली की सासरे त्यातलंच काहीतरी जाडसर कापून चादरीखाली घालत. आता घरच्या शालीला चिठ्ठी कोण लावणार?

एका सकाळी तिने सहज वर बघितलं. फळीवर शाल नव्हती.

"बाबा, वर राखाडी शाल होती ती?"

"ती होय? काय मऊ निघाली गं! टेबलाला घातली. आता बघ, घडी कशी झकास बसते."

तिने चादर वर केली. शालीचे चार तुकडे, जाड दोऱ्याने टाचलेले, मधोमध तपकिरी डाग. तिने वाकून नाक लावलं. नुसता करपलेल्या खळीचा वास.

"माझ्या आईची होती ती!" ती किंचाळलीच. "बाबा, यापुढे माझ्या कशाला म्हणून हात लावू नका!"

"मला वाटलं, बेवारशी आहे..." सासरे पुटपुटले. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

त्यानंतर इस्त्री नवराच करू लागला. सून सासऱ्यांना जेवायला वाढी, पण बोलत नसे. तेही बोलत नसत.

मग आत्या आल्या. सासऱ्यांची थोरली बहीण. शालीचं सगळं त्यांच्या कानावर आलंच होतं.

"काय रे, फोटो काढायला बसल्यासारखा काय बसलायस?" भाऊ हसला नाही. आत्या सरळ आत स्वयंपाकघरात सुनेकडे गेल्या.

"आत्या, ती साधी शाल नव्हती हो."

"मी कुठे साधी म्हणतेय? रड की. पोटभर रड. पण मला सांग, आई गेली तेव्हा कुणावर रागावलीस?"

"कुणावर रागावणार? आजारच तसा होता."

"मग तो राग वर्षभर साठवून आता माझ्या भावावर काढतेस होय? अगं, ती शाल कधीतरी विरलीच असती, नाहीतर कसर लागली असती. तू धरून ठेवलीस म्हणून ती राहणार होती का?"

"बोलायला सोपं आहे, आत्या."

"नाहीच सोपं. सोपं असतं तर तुझं तुला जमलं असतं, मी कशाला तोंड वाजवलं असतं?"

सुनेने मान फिरवली. तिला ते पटत होतं, पण पचत नव्हतं.

इतक्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. ती धावली. चिमणी स्टुलावरून पडली होती. ओठ फुटला होता आणि ती दोन्ही हात आजोबांकडे पसरून रडत होती. आजोबा हाताच्या अंतरावर होते. खाली वाकलेले. त्यांचे हातही पुढे आले होते, पण मध्येच थांबले होते.

त्यांनी सुनेकडे बघितलं.

"सूनबाई, हिला उचलू का?"

"बाबा! असं काय विचारता!"

ती तिथेच जमिनीवर बसली आणि आई गेली तेव्हासुद्धा रडली नव्हती इतकी रडली. सासऱ्यांनी नातीला छातीशी धरलं. सदऱ्याला रक्त लागलं.

पोर शांत झाल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, "मी ते तुकडे उसवतो. धुऊन, जोडून देतो तुला."

"नको बाबा. राहू दे तिथेच." ती म्हणाली. "जोडली तरी आई कुठे येणार आहे?"

शालीची आठवण तिला अजून येते. डोळे अजून भरतात. भरू देत!

मंडळी, गेलेल्या वस्तूचं दुःख खुशाल करावं. पण ती सोडून द्यायला शिकावं. नाहीतर तिच्यापायी आपण घरातल्या माणसांना असं परकं करून टाकतो की आपल्याच रडणाऱ्या नातीला उचलायला आजोबांना परवानगी मागावी लागते.